नाकाला नाक

दर शंभर पांढऱ्यांमागे एक काळी.
मोजायला बरं पडतं.
संध्याकाळी मी काळ्याच तेवढ्या मोजतो:
अकरा. म्हणजे खांड जागेवर.

त्या दिवशीही अकराच भरल्या.
जास्तीचा होता तो भलताच,
मातकट अंगाचा, ढुंगणावर पांढरं ठिगळ,
शिंगांचं वेटोळं कानामागून गालावर आलेलं.
नोव्हेंबरातला एकटा रानएडका,
माजावर आलेला, कडा उतरून थेट
मालकाच्या मेंढ्यांत.
कुत्री भुंकली नाहीत.
आपल्यातलाच, असं वाटलं असेल त्यांना.

ड्रिस्कॉलबाईंनी वसंतातच बजावलं होतं,
वॅगनच्या दारात उभं राहून,
मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये:
तुझ्या मेंढीला जे शिंकेवर निभतं
ते त्याच्या फुप्फुसात घर करतं.
तो वर जातो, माद्यांना देतो,
माद्या कोकरांना.
जुलैत कोकरं खोकतात.
पुढच्या जुलैत खोकायलाही कोणी नसतं.
नाकाला नाक लागलं, की झालं.

मी दगड मारले. घोंगडी झटकली.
पातेल्यावर पळी बडवली.
तो चार पावलं सरला, थांबला,
आणि एका म्हाताऱ्या मेंढीनं
मान वर करून त्याला हुंगलं.
एकदा. मग दुसरी. मग तिसरी.

वानकायोच्या वर, आमच्या माळावर,
विकुन्या असंच बघते माणसाकडे.
वर्षातून एकदा अख्खा गाव
चिंध्या बांधलेली दोरी धरून रिंगण करतो,
त्यांना आत घेतो, लोकर कातरतो
आणि दोरी खाली टाकतो.
रानातलं म्हणजे शेवटी सोडून द्यायचं,
एवढंच मला शिकवलेलं.

फोनला रेंज टेकडीवर.
चढायला पाऊण तास.
मालक एचेव्हेरी म्हणायचा, दिसलं ते सगळं
सांगायलाच हवं असं नाही.
माझा व्हिसा त्याच्या सहीवर.
पाऊण तास पुष्कळ असतो.

सकाळी बाई आल्या, पाठीला रायफल.
लागलं? त्यांनी विचारलं.
लागलं, मी म्हटलं. तीनदा.
त्यांनी मेंढ्या बाजूला घ्यायला सांगितलं.

आवाज एकच झाला.
मग म्हणाल्या, डोकं धर.
शिंगं एवढी जड असतील असं वाटलं नव्हतं.
नाकपुडीत कापसाची काडी फिरवून
त्यांनी ती नळीत ठेवली, तारीख घातली,
शिंगावरची वळी बोटानं मोजली: सात.
वर अजून चाळीस आहेत, म्हणाल्या.
मला नव्हे. त्यालाही नव्हे.

फाट्यावर सरकारी पाटी आहे,
गोळ्यांनी चाळण झालेली:
ही जमीन सर्वांची.
सर्वांची म्हणजे कोणाकोणाची
तेवढं लिहायला जागा पुरलेली नाही.

पुढच्या वर्षी एचेव्हेरीनं पैसे घेतले
आणि या डोंगरावरचा चराईचा परवाना सोडला.
आजोबांपासूनचा होता. सही करताना
त्यानं पेन दोनदा झटकलं, शाई असूनही.
मला खाली धाडलं, लसूणघासाच्या कापल्या रानात.
सपाट आहे. गुडघ्याला बरं.
रात्री ट्रकचे दिवे वॅगनमधून आरपार जातात.

जुलैत एका रविवारी बाई न्यायला आल्या.
समोरच्या कड्यावर, जिथं बकरीही घसरेल तिथं,
नऊ माद्या, चार कोकरं.
चार कमी की पुष्कळ, मी विचारलं नाही.
एकानं मान झटकली.
माशी असेल, त्या म्हणाल्या.
माशीच असेल, मी म्हटलं.

दुर्बीण एकच होती.
आळीपाळीनं बघत राहिलो,
ऊन कड्यावरून उतरेपर्यंत.